डावीकडे तेच, उजवीकडे तेच

लवू परबाला खुर्ची दिली की तो तिच्यावर पिशवी ठेवतो आणि स्वतः उभा राहतो. लालबागच्या मार्केटमागच्या गल्लीत छपाईचं दुकान आहे, तिथे तीन कॉम्प्युटर. दोन टेबलांवर. तिसरा एका उंच लाकडी घोडीवर, छातीच्या उंचीला. तो लवूचा. बासष्ट वर्षांचा माणूस सकाळी साडेनवाला येतो आणि सात वाजेपर्यंत त्या घोडीसमोर ह्या पायावरनं त्या पायावर, त्या पायावरनं ह्या पायावर. मध्येच दारात जातो, गल्लीत डोकावतो, कोण नाही बघून परत येतो. चहा आला की तोही फेऱ्या घालतच. कोणी म्हटलंच, की लवू, टेक की जरा, तर त्याचं ठरलेलं उत्तर: "बसललो माणूस आणि साचलला पाणी, दोनांकय वास मारता."

कणकवलीकडनं तो सोळाव्या वर्षी मुंबईत आला आणि गिरगावातल्या एका छापखान्यात लागला, खिळे जुळवायला. खिळा म्हणजे शिशाचं एक अक्षर. लाकडी पेटीत खण, एकेका खणात एकेक अक्षर, पेटी तिरकी घोडीवर आणि समोर माणूस उभा. बसायचं नाही. पहिले सहा महिने शिव्या खाल्ल्या, मग हात बसला. 'क' कुठे, वेलांटी कुठे, अर्धा 'र' कुठे हे डोळ्यांना माहीत नसे, बोटांना माहीत असे. डोळे हस्तलिखितावर, हात पेटीत. आणि संध्याकाळी दुसरं काम: छापून झालेलं पान मोडायचं. एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत. पान कितीही सुबक लागलेलं असो, मोडायचंच. नाही मोडलं तर उद्या अक्षरं आणणार कुठनं? पंधरा वर्षांत ह्या माणसाने हजारो पानं लावली आणि तेवढीच मोडली. मोडताना त्याला काही वाटत नसे. न मोडलेलं पान बघितलं की मात्र चुळबुळ सुटे.

छापखाने गेले, कॉम्प्युटर आले. गिरगावातनं लवू लालबागला अण्णांच्या दुकानात आला. लग्नपत्रिका, मंडळांची पत्रकं, श्रद्धांजलीचे फलक. अण्णा आता घरी असतात आणि दुकान त्यांची मुलगी अनुजा चालवते. कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेली, जिभेने तिखट, हाताने साफ. मशीनं जुनी झाली, नवीन विंडोज त्यांच्यात शिरेना, तेव्हा तिने तिन्हीवर लिनक्स चढवलं. सगळ्यांना वाटलं म्हातारा आता पेन्शनीत निघाला. पण झालं भलतंच. लवूला त्या लिनक्सात एक काळी खिडकी सापडली, जिच्यात माऊस लागत नाही, आणि त्या काळ्या खिडकीत एक प्रोग्राम: मिडनाईट कमांडर. पडद्याचे दोन भाग. डावीकडे निळा रकाना, उजवीकडे निळा रकाना, दोन्हीत फायलींची नावं. बाण दाबून फाईल धरायची, F5 दाबला की डावीकडची उजवीकडेही उतरते, F6 दाबला की उचलून जाते, F8 दाबला की संपली. चित्र नाही, रंग नाही, काही नाही. नुसते खण.

दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरनं ती घोडी काढली आणि कीबोर्ड वर ठेवला.

तेव्हापासनं त्याचं आणि अनुजाचं हे भांडण. ती टेबलावरच्या मशीनवर फायलींची साधी खिडकी वापरते: छोट्या छोट्या चौकोनांत फोटो दिसतात, धरायचे, ओढायचे, सोडायचे.

"लवूकाका, दोनशे फायलींतनं नवऱ्याचा फोटो शोधायचाय. तुमच्याकडे नुसती नावं. डीएससी झिरो झिरो चौदा. नवरा आहे का नवरी, तुम्हाला काय कळणार?"

"तुझ्या चौकोनांक उघडूक किती वेळ लागता? मी तवसर चार लग्ना लावन मोकळो."

"आणि उडवलेलं परत येत नाही तुमच्यात. माझ्यात कचऱ्याचा डबा आहे. चुकून टाकलं तरी उचलून घेता येतं."

"डब्यात हात घालूक लागता तेचो हात आधीच चुकता," लवू म्हणे, आणि दारात एक फेरी मारून येई.

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होती. हजार फायलींची नावं एका फटक्यात बदलायची, नाहीतर चार वर्षांचा पसारा तारखेवार लावायचा, तर अनुजाचा हात माऊसवर घासत राही आणि लवूचं काम पाच मिनिटांत होई. जुन्या मशीनवर त्याचा प्रोग्राम डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडे, तिची खिडकी दम खाई. पण गिऱ्हाईक शेजारी येऊन उभं राहिलं आणि "तो निळ्या साडीतला दाखवा" म्हणालं की लवू मान खाजवायला लागे आणि अनुजा नुसतं बोट ठेवी.

ह्या गोष्टीतलं काम नायगावचं. तिथल्या चाळीतल्या एका वाचनालयाला पन्नास वर्षं झाली. चाळ आता पाडायला घेतलेली, माणसं संक्रमण शिबिरांत पांगलेली. कोणी नायगावातच, कोणी माहीमला, कोणी सायनच्या पुढे. वाचनालयाची भिंतसुद्धा उरली नव्हती. पण पोरांनी ठरवलं, स्मरणिका काढायची. वीज खात्यात नोकरी करणारा राजरत्न त्यांच्यात पुढे. त्याने दीड महिना घरोघर फिरून फोटो गोळा केले: लेझीम, एप्रिलातल्या मिरवणुका, चाळीच्या पटांगणातली भाषणं, रात्रशाळा. लवूने एकेक फोटो स्कॅन केला आणि राजरत्नने तो ज्याचा त्याला परत नेऊन दिला. काही फोटो भिंतीवरच्या चौकटीतले होते. चौकट निघेना, म्हणून राजरत्नने ते भिंत पडायच्या आधीच मोबाईलवर काढून ठेवले होते, तेही त्याने आणून दिले.

रविवारी हॉलमध्ये कार्यक्रम. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पानं परळच्या छापखान्यात पोचली पाहिजेत, तर रविवारी पुस्तकं हातात. पाहुणे ठरलेले, हॉल ठरलेला, पत्रिका लवूनेच छापलेल्या. राजरत्नने त्याला विचारलं होतं, "काका, होईल ना?" आणि लवूने उभ्याउभ्याच सांगितलं होतं, "माझ्या हातातला काम कधी रवला हा?"

बुधवारी अकराला शेवटचा फोटो स्कॅन झाला. मोबाईलवरचे धरून दोनशे बारा. सगळे लवूच्या मशीनवर एका फोल्डरात. आता ते अनुजाच्या डिस्कवर उतरवायचे, मग ती पानांतल्या रिकाम्या चौकटींत बसवणार. लवूने डाव्या रकान्यात फोल्डर उघडलं, उजव्या रकान्यात अनुजाची डिस्क. F5 दाबणार, एवढ्यात मंडळाचा एक माणूस दारात, पावतीपुस्तकांचं विचारायला. लवू उत्तर देत देत वळला, हात कीबोर्डवर तसाच, आणि कुठली तरी जोडचावी दाबली गेली. त्या प्रोग्रामात एक चावी अशी आहे की ती दाबली की दुसरा रकाना पहिल्याच फोल्डरात येऊन बसतो. डावीकडे जे, तेच उजवीकडे.

माणसाला वाटेला लावून लवू परत आला. बघतो तर डावीकडे दोनशे बारा, उजवीकडे दोनशे बारा. तीच नावं, तेच आकार. वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं कुठला रकाना कुठल्या फोल्डराचा, पण ते वाचायची त्याला कधी गरज पडली नव्हती. हात कधी चुकला नव्हता. आणि शिशाच्या जगात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की: दोन ठिकाणी दिसतंय म्हणजे दोन नग आहेत. उतरलं म्हणायचं. आता आपलं पान मोडा.

सगळे धरले. F8. प्रोग्रामने विचारलं, पुसू? एंटर.

दोन्ही रकाने एकाच वेळी रिकामे झाले.

लवू दारात गेला. परत आला. रकाने रिकामेच. पुन्हा दारात गेला, गल्लीत चार पावलं चालला, समोरच्या मसाल्याच्या दुकानापर्यंत जाऊन उलटा फिरला. तिसऱ्या वेळी तो अनुजाच्या टेबलापाशी थांबला.

"अनुजा, माझ्याकडसून गेला."

"काय गेलं?"

"नायगावचा. सगळा."

अनुजाने मान वर केली. तिने त्याला एकच विचारलं, "त्यानंतर मशीनवर काही केलंत?"

"नाय."

"हात लावू नका. काही म्हणजे काही नाही." ती उठली, सरळ बटण दाबून मशीन बंद केलं आणि स्क्रू काढायला बसली. लवू मागे उभा राहून सांगत होता, दोन्हीकडे दिसत होते, मी बघितलंय, दोन्हीकडे होते. अनुजाने डिस्क हातात घेतली. "काका, एक माणूस दोन आरशांत दिसला म्हणून दोन माणसं होत नाहीत. पुसलेलं लगेच जात नाही. नाव खोडलं जातं, माल तिथेच असतो, वरनं दुसरं काही बसेपर्यंत. परत काढायचा प्रोग्राम आहे. चार तास लागतील. निघेल ते निघेल. एक सांगते, नावं येणार नाहीत. नुसते आकडे येतील."

"मगे ओळखुचे कसे?"

"चौकोन बघून," अनुजा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, पण लवूला लागला.

चार तास तिथे उभं राहणं त्याच्याच्याने होईना. तो नायगावला निघाला, चालत. परळ, हिंदमाता. साड्यांच्या दुकानांपुढची पोरं "आओ काका, पैठणी" करून मागे लागली, त्याने बघितलं नाही. वाटेत तीनदा वाक्य जुळवलं आणि तीनदा मोडलं. शिबिरातल्या सातव्या मजल्यावर राजरत्नची आई कौसल्याबाई एकटीच होती. सत्तरी ओलांडलेली, मूळची कराडकडची, वाचनालयाच्या बायकांच्या वर्गात पाटी घेऊन बसणाऱ्या पहिल्या बायांपैकी एक. राजरत्न ड्यूटीवर.

"ताई, फोटो पुसले गेले. माझ्या हातसून."

कौसल्याबाई गवार मोडत होती, मोडतच राहिली. "समदे?"

"समदे."

"मंग हितं कशाला आलाईस?"

"सांगूक."

"सांगितलंस. आता?"  लवू दारापासनं खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. तिने त्याच्याकडे बघून घेतलं. "आरं, तुला बूड हाय का नुसती भिंगरी? बस तरी."

"बसान काय करू? डिस्कातसून काय तरी गावतला म्हणता अनुजा. पण नावां नाय येवची. कोण कोणाचो, ता ओळखूक व्हया."

"मग म्हातारीला ने की. माणसं काय तू वळकणार हाईस, मालवण्या? येकेकाच्या बारशाला जेवलीय मी." तिने गवार झाकून ठेवली, साडी सारखी केली आणि चपला घातल्या. लिफ्टमध्ये म्हणाली, "राजाला फोन मी करते. तू केलास तर शिव्या खाशील. म्या केल्यावर बी खाशीलच, पण थोड्या."

राजरत्नने फोनवर काय ऐकवलं ते टॅक्सीत लवूलाही ऐकू आलं. सहा वाजता तो थेट दुकानात आला, गळ्यात ओळखपत्र तसंच. जय भीम घातला तो अनुजाला, लवूला नाही. "काका, दीड महिना घरोघर फिरलोय मी. लोक फोटो देत नव्हते. म्हणायचे, तू हरवशील. मी काय बोललो? आमचा माणूस आहे, जुना आहे, हात साफ आहे. आता दीड दिवसात पुन्हा कोणाकोणाच्या दारात जाऊ? काय सांगू?"

लवू म्हणाला, "खरा ता सांग. लवू परबान पुसले."

"सांगून पुस्तक निघणार आहे का?"

 अनुजाने मध्ये पडून पडदा दाखवला. डिस्कातनं फोटो निघाले होते, पण दोनशे बारा नाही. सहा हजार दोनशे. लवूने बारा वर्षांत जे जे मोडलं होतं त्यातलं जेवढं जागेवर उरलं होतं तेवढं सगळं वर आलं होतं. नवरे, नवऱ्या, मुंजीचे बटू, वाढदिवसाचे भाऊ, श्रद्धांजलीतले म्हातारे, आणि ह्या सगळ्यांत कुठेतरी नायगाव. नावाच्या जागी आकडे.

अनुजाच्या मशीनवर तिची खिडकी उघडली. चौकोन राखाडी, मग एकेक करून त्यात तोंड उमटायचं. पन्नास उमटले की मशीन धापा टाकायचं. कौसल्याबाई खुर्चीत बसून चष्मा लावून बघत होती. "ह्यो न्हवं. ह्यो न्हवं. ह्यो कोण मेलाय? न्हवं. हां, ह्यो आमचा. लेझमीतला. पुढं." अर्ध्या तासात साठ-सत्तर झाले. राजरत्नने घड्याळ बघितलं, भागाकार केला आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, ह्या स्पीडने शुक्रवार रात्र होईल."

तेव्हा लवू बोलला. "माझे स्कॅन मोठे. लग्नवाले फोटो मोबाईलवरसून येतत, ते बारीक. आकारान लाव, मोठे वर येतले."

"लावा," अनुजा म्हणाली, आणि उठून उभी राहिली. घोडीवरच्या मशीनची डिस्क तर काढलेली. त्याला तिच्याच मशीनवर बसावं लागणार होतं. लवूने पिशवी खुर्चीवर ठेवली, कीबोर्ड पुढे ओढला आणि वाकून, उभ्यानेच, काळी खिडकी उघडली. दोन निळे रकाने. वरची बारीक अक्षरं त्याने ह्या वेळी वाचली, ओठ हलवत, दोनदा. मग आकाराने लावलं, पाच एमबीच्या वरचं धरत धरत खाली आला आणि F6. सहा हजारांचे नऊशे झाले. मिनिटसुद्धा लागलं नाही. राजरत्न पुढे सरकून बघायला लागला.

गुरुवारी सकाळी नऊपासनं काम अशा तऱ्हेने चाललं. लवूने रातोरात घरी काय केलं ते तोच जाणे, डोळे तांबडे होते. नऊशे चौकोन अनुजाच्या खिडकीत. कौसल्याबाई बोट ठेवी, अनुजा धरी, नाव विचारी आणि फोल्डरात ओढून टाकी. त्या फोल्डराची यादी लवूच्या रकान्यात, शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर. कौसल्याबाई बोले तसं तो नाव लावी: साल, मजला, कोण. बाई बोलायला लागली की थांबत नसे.

"ह्यो तिसऱ्या मजल्याचा दौलत. हेच्या आईनं मला पयला 'अ' काढायला शिकिवला. ल्हिव."

"ता लिवचा नाय, ताई, नावापुरता बास."

"तू नाव ल्हिव. मी आपलं सांगती."

नावं लावायला लवूचा हात असा चालत होता की अनुजाला फोटो ओढायला कमी पडत होतं. दोनदा ती म्हणाली, "काका, थांबा," आणि दोनदा तो म्हणाला, "थांबान काय होतला?" मध्ये एकदा तिची खिडकी अडकली, सगळे चौकोन पांढरे. ती बंद करून पुन्हा उघडेपर्यंत पाच मिनिटं गेली. तेवढ्यात लवूने गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. परत आला तेव्हा बाई म्हणाली, "तुझ्या त्या निळ्या डब्यात म्हातारीला माणसं दिसत न्हाईत, आन् हिच्या खिडकीत माणसं दिसत्यात तर ती चालत न्हाई. दोघं मिळून एक मशीन करा की." अनुजा हसली. लवू हसला नाही. त्याचं लक्ष घड्याळाकडे.

पाच वाजता एकशे शहाण्णव झाले. मग थांबले. नऊशे संपले.

"सोळा कमी," राजरत्न म्हणाला.

"भिंतीवरचे," कौसल्याबाई म्हणाली. "तुज्या मोबाईलातले."

लवूने आकाराने चाळलं तेव्हा ते बारीक म्हणून मागे राहिले होते. राजरत्नने फोन जानेवारीत बदललेला, त्यात नव्हते. मग उरलेले पाच हजार तीनशे पुन्हा उघडले. ह्याला लवूकडे उपाय नव्हता. नाव नाही, आकार सगळ्यांचा सारखा, तारीख पुसलेली. तिथे फक्त बघणं होतं. कौसल्याबाईचे डोळे दुखायला लागले तेव्हा राजरत्न बसला. अनुजाने माऊस लवूच्या हातात दिला. "काका, मी पानं लावायला घेते. तुम्ही सरकवा." लवूने माऊस धरला तो निखारा धरावा तसा. बाण चौकोनावर नेईपर्यंत तो पुढच्या चौकोनावर जाई. चाक फिरवलं की पन्नास चौकोन एकदम पळत. दोनदा त्याने कोणाचं तरी लग्न नायगावच्या फोल्डरात ओढलं. राजरत्न ओरडला नाही, फक्त म्हणाला, "काका, हळू." शेवटी लवू खुर्चीच्या कडेवर टेकला, कारण उभ्याने तो बाण धरताच येईना.

रात्र त्यातच गेली. शुक्रवारी सकाळी दहाला पंधरा झाले होते. सोळावा अकरा चौकोन पुढे निघाला.

तो बायकांच्या वर्गाचा फोटो होता. अकरा बाया पाट्या घेऊन ओळीने बसलेल्या, त्यांत कौसल्याबाई. पण निघाली ती वरची पट्टीच. भिंत, छताची तुळई, आणि खाली अकरा डोकी: कपाळाच्या वरची. भांग, कुंकवाचा एखादा ठिपका, पदराचा काठ. त्याखाली सगळं राखाडी. तेवढ्या जागेवर दुसरं काही बसलं होतं.

 राजरत्न उठून बाहेर गेला. लवू पडद्याकडे बघत म्हणाला, "ह्यो तुमचोच."

"व्हय."

"पान काढून टाकूया काय?" अनुजाने विचारलं. "दुसरा एखादा मोठा करून..."

"कशाला?" कौसल्याबाईने चष्मा पुसला आणि पडद्याला नाक लावलं. "हाय तेवढं छापा. खाली नावं घाला. ह्यो भांग हौसाचा. ही शेवंता, हिचं केस तवाच पातळ. ही अनसूया. ही मी." बोट पुढे सरकत गेलं आणि लवू शेजारी नावं टाईप करत गेला. दहा झाली. उजवीकडच्या शेवटच्या डोक्यावर बोट थांबलं.

"ही..."

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. परळपर्यंत पोचायला पंधरा मिनिटं.

"ही पाण्याच्या नळाशेजारची. नवरा मिलात रंगखात्यात. हिचं..." बाईने डोळे मिटले. राजरत्न आत आला होता. लवू कीबोर्डवर बोटं ठेवून. एक मिनिट. दोन. "येतंय बगा. येतंय. न्हाई यीना."

"आई, उशीर होतोय."

"जागा सोडा," कौसल्याबाई म्हणाली. "मोकळी."

अनुजाने तिथे एक ओळ मोकळी सोडली. पानांची फाईल तिने माऊसने पेनड्राईव्हवर ओढली आणि लवूने काळ्या खिडकीत जाऊन ती पोचली का बघितलं. वरची बारीक अक्षरं वाचून, मोठ्याने. मग पेनड्राईव्ह मुठीत धरून तो परळकडे निघाला. टॅक्सी मिळेना म्हणून पळाला. बारा वाजायला चार मिनिटं असताना तो छापखान्याच्या दारात होता.

रविवारी हॉलच्या दारात टेबल मांडलं होतं. तीनशे प्रती, गठ्ठ्यांनी. राजरत्न आत पाहुण्यांत. टेबलापाशी कौसल्याबाई खुर्चीत आणि लवू तिच्या मागे उभा, येणाऱ्याच्या हातात प्रत देत. राजरत्नने त्याला बोलावलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. लोक प्रत घेत, तिथेच उघडत, "हा बघ, हा बघ" करत आत जात. काय झालं होतं ते काहींना माहीत होतं. एका जाड्या माणसाने लवूला विचारलं, "तुम्हीच काय ते पुसणारे?" लवू म्हणाला, "मीच." माणूस म्हणाला, "माझा नेमका ठेवलात. त्यात मी ढेकर देतोय."

मग एक बाई आली. पांढरी साडी, हातात काठी, नातीचा हात धरून. तिने प्रत घेतली, पण आत गेली नाही. टेबलावर ठेवून एकेक पान उलटत राहिली. भांगांच्या पट्टीवर आली. खालच्या नावांवर बोट ठेवून मोजायला लागली, ओठ न हलवता. शेवटाला बोट थांबलं.

"धाच हायत," ती म्हणाली.

कौसल्याबाईने मान वर केली. चष्मा सारखा करून बघितलं. "चंपे?"

"व्हय. मी काय मेले न्हवते."

"आगं, तुझं नाव तेवढं... चुलत्याच्या गावाला गेलीस आन्..." कौसल्याबाई लवूवर घसरली. "बगत काय उभा राहिलास? पेन काढ."

लवूने खिशातनं पेन काढलं. पहिली प्रत चंपाबाईचीच. मोकळ्या ओळीवर त्याने नाव घातलं, बाजूच्या टाईपाला जुळेल असं, उभं, जाड, वरची रेघ सरळ. चंपाबाईने प्रत लांब धरून बघितली, मान हलवली आणि नातीसोबत आत गेली. मग लवूने गठ्ठा ओढला. दुसरी, तिसरी, चौथी. हात लागला. कौसल्याबाई पान उघडून पुढे करी, तो लिही, ती मिटवी. आत भाषणं सुरू झाली. माईकवरनं राजरत्नचा आवाज येत होता. तो आभार मानत होता, एकेकाचं नाव घेत.

टेबलावरच्या संपल्या. लवूने पेन हवेत झटकलं आणि दारातनं आत बघितलं. सत्तर-ऐंशी प्रती आधीच गेल्या होत्या, मांड्यांवर, पिशव्यांत, पंखा करून हालवलेल्या.

"खंय खंय गेल्यात, ताई?"

"समदीकडं."

लवू वाकला, चपला दारात काढल्या आणि पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाला, "जरा पुस्तक देवा हां. पान एकोणचाळीस." त्या माणसाने दिलं. लवूने लिहिलं, परत दिलं, आणि पुढच्या खुर्चीकडे सरकला.